ओला आवाज

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतून, चौथीच्या बाईंनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. "वर्गात झोपते. 'उरलेलं उद्या करू' म्हटलं की रडते."

मी चार-पाच शाळांतून फिरणारी समुपदेशक. त्या शाळेत माझा वार गुरुवार. चिठ्ठी वाचली आणि मी पहिल्या ओळीच्या मागे लागले. दुसरी ओळ मला लाडाची, हट्टाची वाटली. ती नीट वाचायला मला जवळजवळ दोन महिने लागले, आणि हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते मुख्यतः त्यासाठीच. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला तिची आजी 'बाय' म्हणते. मीही इथे तेच म्हणेन.

घर

चिऱ्यांचं जुनं घर, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मधे माजघर आणि माजघरावर लाकडी माळा. घरात आजी, आई, बाबा आणि बाय. काका जवळच दुसऱ्या वाड्यावर राहतात. बाबा पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचे. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणींचे पट्टे रद्द केले, तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांसारखं याही घराचं चाक थांबलं. आता ते औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात घरात तिघीच असतात.

आजोबा, बायच्या भाषेत 'आजो', मेच्या मध्यावर गेले. रात्री जेवून निजले ते सकाळी उठलेच नाहीत. वाड्यावर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांना घुमट वाजवणारा हा माणूस. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: घुमट म्हणजे मातीचं, दोन तोंडांचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवतात आणि त्यावर एका हातानं थाप देतात. दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो आणि आवाजाला गोलाई देतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं चामडं चढवतात. २०१९मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आजोंचं घुमट बकऱ्याच्याच चामड्याचं होतं. हे चामडं दमट हवेत लगेच सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते नारळाच्या सोडणांच्या आगीवर शेकावं लागे. शेकायला घुमट धरून ठेवायचं काम बायचं असे. हा तपशील तिनं मला सहज बोलता बोलता सांगितला. पुढे सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

आवाज

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री बायला माळ्यावरून घुमटाचा आवाज ऐकू आला. थाप, मग शांतता, मग पुन्हा थाप. दुसऱ्या रात्रीही. ती आईला सांगेना. डोक्यावरून पांघरूण घेऊन पहाटेपर्यंत जागी राहायची आणि वर्गात डुलक्या घ्यायची.

पहिल्या भेटीत हे तिनं मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, बाकाच्या कडेवर नख ओढत. आणि मी काय केलं? म्हटलं, "बाय, भूत वगैरे काही नसतं." पंधरा वर्षं हे काम करून मी हे वाक्य बोलले. ती "बरं" म्हणाली आणि पुढचे दोन गुरुवार फक्त चित्रं काढत बसली. त्या चित्रांत एकही माणूस नव्हता.

भीतीबद्दल बोलणाऱ्या मुलाला आपण घाईनं धीर देतो, तेव्हा खरं तर त्याचं बोलणं बंद करतो. हे मला पाठ होतं, तरी चुकले. इथे तर त्याहून मोठी चूक होती. भूत नसतं याचा अर्थ माळ्यावर आजोही नाही. हे मी तिला अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं होतं आणि सांगितलं आहे याची मला जाणीवही नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी मी तिची माफी मागितली. म्हटलं, "मी न ऐकताच उत्तर दिलं. आवाज तू ऐकलास, मी नाही. कसा असतो?" तिनं बाकावर बोटं वाजवून दाखवलं. मग हळूहळू उरलेलं आलं. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवला नव्हता. घरी परत आल्यावर मोठी माणसं पडवीत बोलत होती, "काहीतरी मनात राहिलंय त्याच्या." बाय दाराआड उभी होती. बोलणाऱ्यांनी पुढे "सगळ्यांना सांभाळू म्हटलं, तेव्हा शिवला" असंही सांगितलं, पण तोवर ती तिथून निघून गेली होती. अर्धं वाक्य घेऊन ती झोपायला गेली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी माळ्यावर घुमट वाजू लागलं.

वाड्यावरच्या एका मुलानं तिला सांगितलं की तो देवचार असेल. त्यावर आजी म्हणाली की देवचार गावाचा राखणदार, तो पोरांना भिववत नाही. मला आजीचं हे उत्तर माझ्यापेक्षा शहाणपणाचं वाटलं. तिनं मुलीचा अनुभव खोटा ठरवला नाही आणि भीतीही वाढवली नाही.

१९४८ साली मारिया नॉज यांनी हंगेरीतल्या मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण पाच ते नऊ वर्षांची मुलं मृत्यूला माणसासारखं रूप देतात, आणि तो सगळ्यांना येतो, परत फिरवता येत नाही हे नऊच्या पुढे पक्कं होतं, असा त्याचा सूर. पुढच्या अभ्यासकांना इतके काटेकोर टप्पे सापडले नाहीत, आणि मलाही माझ्या शाळांत सापडत नाहीत. बायला नऊ पूर्ण होती. आजो परत येणार नाही हे ती सकाळी स्पष्ट सांगायची, आणि रात्री तोच माळ्यावर असायचा. दोन्ही तिला एकाच वेळी खरं होतं. मोठ्यांचंही बहुधा असंच असतं, आपण फक्त बोलत नाही.

तिला पुढे पाठवायचं का, हे मी या टप्प्यावर तपासलं. जेवण कमी झालं का, शाळा टाळते का, आजोकडे जायचं म्हणते का, स्वतःला इजा करते का. यातलं काहीही दिसलं असतं तर मी बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेचा रस्ता त्याच दिवशी दाखवला असता. लांबलेल्या शोकाचं निदान मुलांच्या बाबतीत मृत्यूला किमान सहा महिने झाल्याशिवाय करत नाहीत, इथे तर दोन महिनेच झाले होते. आईला मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला, रात्री तिला एकटीला काही सुचेनासं झालं तर असावा म्हणून.

वही

तपासाची कल्पना माझी, पण वहीचे रकाने तिचे. चौकटीच्या वहीत तिनं पाच रकाने आखले: तारीख, पाऊस कधी, आवाज कधी, किती, कसा. अट एकच होती. झोपेतून मुद्दाम उठायचं नाही. जाग असेल तरच आजीच्या गजराच्या घड्याळात बघून लिहायचं आणि वही उशीखाली ठेवायची. नऊ वर्षांच्या मुलीला रात्री पहाऱ्याला बसवणं मला पटणारं नव्हतं. प्रत्यक्षात झालं उलट. हातात पेन्सिल आल्यावर ती अधूनमधून लिहिता लिहिताच झोपू लागली. तीन-चार नोंदींच्या शेवटी पेन्सिलीची नुसती रेघ खाली घसरलेली आहे.

अकरा रात्रींच्या नोंदी माझ्यासमोर आल्या. ज्या दोन रात्री पाऊस नव्हता त्या रात्री आवाज नव्हता. पाऊस सुरू झाल्यावर दहा-वीस मिनिटांनी आवाज सुरू होई आणि पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ चाले. मला वाटलं, झालं, कळलं. पण २६ जुलैच्या रात्री मुसळधार पाऊस होता आणि आवाज नाही. बाय त्या नोंदीवर अडली. "पाऊस होता तर का नाही वाजलं?" मी गप्प बसले. या खेपेला तेवढं जमलं. पुढच्या गुरुवारी ती सहावा रकाना आखून आली: वारा. २६ला पाऊस सरळ पडत होता, पडवी भिजली नव्हती. ज्या रात्री पडवी आतपर्यंत भिजली त्याच रात्री माळ्यावर वाजलं होतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो किती पडला हे मोठी माणसं मोजत बसतात. तो कुठून आला हे या मुलीनं पाहिलं.

पाचव्या रकान्यात, 'कसा', तिनं एके ठिकाणी लिहिलं होतं: "आधी कडक. मग ओला आवाज."

मी विचारलं, "ओला म्हणजे?"

"सैल पडलेला. आजो म्हणतो ना, घुमटाला सर्दी झाली." ती थांबली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, आजो ओलं घुमट वाजवणारच नाही. तो आधी शेकतो. न शेकता तो हात पण लावत नाही."

ती खोलीभर फिरली. तेच वाक्य दोनदा म्हणाली. भूत नसतं हे मी सांगून तिला पटलं नव्हतं. आजो असं करणार नाही हे तिला आतून माहीत होतं, कारण शेकताना घुमट तिनं धरलेलं होतं. आजोनं शिकवलेल्या गोष्टीनंच आजोच्या नावाची भीती दूर केली. मुलांच्या भीतीवर काम करणाऱ्यांनी आधी मुलाला काय काय येतं ते विचारावं, भीतीचं नंतर. मी आता तसंच करते.

माळा

वर जायचं ठरलं, पण एकदम नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाबरोबर केलेलं काम प्रसिद्ध आहे: ससा रोज थोडा जवळ आणायचा, मूल आवडीचं खात असताना. आम्ही शिडीवर तेच केलं. पहिल्या दिवशी उजेडी शिडीला हात, मग दोन पायऱ्या, मग आईच्या मागे डोकं वर काढून बॅटरीचा झोत. आईला मी सांगून ठेवलं होतं की ढकलायचं नाही आणि 'शूर मुलगी' असंही म्हणायचं नाही, कारण मग उतरून यावंसं वाटलं तरी मूल उतरत नाही. त्या आठवड्यात आजीनं रोज शिडीखाली पाट टाकून बसायचं ठरवलं. मला ते सोबतीसाठी वाटलं.

ऑगस्टच्या एका शनिवारी बाय, आई आणि काका माळ्यावर गेले. मी खाली आजीजवळ उभी होते. वरून आधी काकांचा आवाज आला, "कौल सरकलंय गो." मग बराच वेळ काहीच नाही.

घुमट वेताच्या टोपलीत उभं होतं, चामड्याचं तोंड वर. बरोबर त्याच्या वर एक कौल अर्धा हात खाली सरकलेलं. पश्चिमेचा वारा पाऊस आत ढकलायचा, पाणी वाशावरून ओघळून चामड्यावर थेंब थेंब पडायचं. चामडं मधे खोलगट होऊन त्यावर पांढरी बुरशी आली होती. घुमटावर आजोचा जुना पंचा कायम झाकलेला असायचा. तो आता बाजूला होता, चार घड्या घालून ठेवलेला. आणि भिंतीला टेकून चार नवी कौलं.

दरवर्षी मे महिन्यात आजोच कौलं परतायचे. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची. या वर्षी ते राहिलं आणि नंतर कुणाच्या लक्षातही आलं नाही. जून उजाडला तेव्हा घर दुःखातच होतं.

काका म्हणाले, आत्ताच बदलून टाकतो, पाच मिनिटांचं काम. खालून आजी म्हणाली, "आज नको."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती पाटावरून उठली नाही. म्हणाली, "मलाही ऐकू यायचं. मी उठून बसायची." मग जरा वेळानं, "दोन रात्री राहू दे."

मी चार आठवडे या घराची चौकशी करत होते. आईशी चार वेळा बोलले, बाबांशी दोनदा. आजीला मी फक्त तिच्या नातीबद्दल विचारलं होतं. पन्नासच्या वर वर्षं त्या माणसाशेजारी निजलेल्या बाईची झोप कशी आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. माझ्या नोंदीत तिच्यापुढे 'आधार देणारी व्यक्ती' असं लिहिलेलं आहे. ते खरं आहेच, पण अपुरं आहे.

दोन रात्री बाय आजीच्या अंथरुणात निजली. दुसऱ्या रात्री वाऱ्याचा पाऊस आला. दोघींनी ऐकलं. वहीत त्या रात्रीची नोंद आहे, पण आकडा नाही. 'किती' या रकान्यात लिहिलंय, "मोजलं नाही." सोमवारी काकांनी कौल बदललं.

त्यानंतर

मी फाईलवर 'समाधानकारक' असं लिहून ठेवलं होतं. गुरुवारी शाळेत पोचले तर बाई दारातच. बायनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, आणि चित्रकलेच्या तासाला 'उरलेलं उद्या रंगवा' म्हटल्यावर कागद फाडून हुंदके देत बाहेर पळाली होती.

ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "आता तो येतच नाही."

भीतीचं कोडं सुटलं आणि दुःख उघडं पडलं. इतके दिवस रात्री का होईना, कुणीतरी माळ्यावर होतं. तिला भीती वाटत होती आणि ती वाटही बघत होती. काकांनी पाच मिनिटांत कौल बसवलं आणि घर पहिल्यांदा खरोखर रिकामं झालं. आजीला हे आधी कळलं होतं, म्हणून तिनं दोन रात्री मागून घेतल्या.

त्या दिवशी मी चिठ्ठीची दुसरी ओळ वाचली. विचारलं, "उद्या म्हटलं की काय होतं?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी फाल्यां म्हटलं."

घरात कोकणी-मराठी दोन्ही बोलतात. उद्याला ती 'फाल्यां' म्हणते. शेवटच्या संध्याकाळी आजोनं माळ्यावरून हाक मारली होती, "बाय, ये गो, घुमट खाली घेऊया, ऊन दाखवूया." ती आईच्या मोबाईलवर काहीतरी बघत होती. म्हणाली, "आजो, फाल्यां." तो "बरं" म्हणून खाली उतरला. पंचा तसाच राहिला, घडी घालून. म्हणून माळ्यावर ती इतका वेळ गप्प उभी होती. घुमट उघडं का आहे हे तिथे फक्त तिलाच कळलं होतं.

तेव्हापासून तिनं उद्यावर काही ठेवलं नव्हतं. गृहपाठ रात्री कितीही उशीर झाला तरी पुरा, पाटी पुसलेली, ताटात शीत नाही. आईला वाटलं होतं पोर एकाएकी शहाणी झाली.

तिनं मला सरळ विचारलं, "मी वर गेले असते तर तो मेला नसता?"

अशा वेळी आपण "तुझी काही चूक नाही" म्हणून मोकळे होतो. पण तिच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या होत्या आणि त्यांना एकच उत्तर देणं खोटं ठरलं असतं. म्हणून मी दोन उत्तरं दिली. पहिलं: नाही. आजोचं हृदय आजारानं थांबलं. कुणाच्या बोलण्यानं हृदय थांबत नाही. तू गेली असतीस तरी तो त्या रात्री गेला असता. दुसरं: तू वर गेली असतीस तर ती संध्याकाळ तुम्हा दोघांना आवडली असती. ती राहिली, याचं वाईट वाटणारच, आणि वाटू दे.

ती खूप रडली. "रडू नको, आजोला त्रास होतो" हे वाक्य तिला तीन महिन्यांत कितीजणांनी ऐकवलं होतं याची गणती नाही. असं म्हणणाऱ्यांची माया मला दिसते, तरी मुलांसमोर हे कुणी बोलू नये असं मला फार मनापासून वाटतं. आधीच आजोला दुखावल्याची भीती असलेल्या मुलीला ते तिचे अश्रूही गुन्हा आहेत असं सांगतं.

कावळ्याचं अर्धं वाक्य आईनं तिला पुरं करून सांगितलं. मग बायनंच हिशेब मांडला की आजोच्या मनात कौलंही असू शकतील, चार नवी आणून ठेवली होती ना. खरं काय ते कुणालाच कळणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण कौल तरी बसलं."

चवथीला त्या घरात या वर्षी गाजावाजा नव्हता. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, साधीच बांधली, आरती टाळ्यांवर म्हटली. घुमटाचं चामडं गेलं होतं. काकांनी ते उतरवून नुसतं मातीचं भांडं धुऊन पडवीत सुकत ठेवलं. नवं चामडं कधी चढवायचं ते आजी सांगेल, असं ठरलं. आजी आता दर गुरुवारी नातीला न्यायला येते आणि आली की अर्धा तास माझ्याकडे बसते. बहुतेक वेळ ती आजोला नावं ठेवते, त्याच्या चहाबद्दल, त्याच्या घोरण्याबद्दल. मी ऐकते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मी वर्गाबाहेर थांबले होते. बाय एक चित्र रंगवत होती: घर, कौलं आणि पडवीत दोन माणसं. घंटा झाली. कौलं अर्धीच लाल झाली होती. बाईंनी विचारलं, पुरं करून जातेस का?

तिनं खडू डब्यात टाकले. "फाल्यां," म्हणाली, आणि आजी फाटकात दिसली तशी धावत सुटली.